बारक्याची तोंडी परीक्षा

४ जुलै

ताई,

तुम्ही मला ओळखत नाही, आणि पहिल्याच पत्रात गाऱ्हाणं घेऊन येणारी बाई कुणाला आवडेल? पण तुमच्या भावाने तुमचा पत्ता दिलाय, तोही मी दटावल्यावर. तेव्हा आता ऐकून घ्या.

मी इथल्या सेमिनरीत भाषा शिकवते. आपल्याकडची मुलं फादर व्हायला इतक्या लांब येतात. इथे प्रवचन द्यायचं, आजाऱ्याजवळ बसायचं, लोकांची पापं ऐकायची, तर ते सगळं इथल्या लोकांच्या भाषेत करावं लागतं. मी स्वतः लग्न होऊन इकडे आले तेव्हा दुकानात साबण मागायला हातवारे करत होते. पुढे इथल्याच शाळेत जन्म गेला. निवृत्त झाल्यावर निवांत पेपर वाचत बसावं म्हटलं, तर सेमिनरीचे मुख्य असलेल्या रेक्टर फादरांनी घरी येऊन मानगूट पकडली. आपली भाषाही येते आणि इथलीही येते अशी दुसरी बाई त्यांना गावात मिळेना.

वर्गातली बाकीची पोरं पंचविशीतली आहेत. तुमचा बारक्या त्यांच्यात काकासारखा बसतो. (‘घरी मला बारक्या म्हणतात’ असं त्यानेच सांगितलं. दाराच्या चौकटीखालून वाकून आत येणारा हा माणूस बारक्या, म्हणजे तुमच्याकडचे थोरले कसे असतील कोण जाणे!) मूळचा सुतार, त्यामुळे माझ्या वर्गातलं एकही बाक आता डुगडुगत नाही. स्वभावाने लाख माणूस. पण अभ्यासाच्या नावाने आनंद आहे.

गेल्या वर्षी तो बरा होता हो. अडखळत का होईना, बोलायचा. यंदा शिकवलेलं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. काल पाठ केलेले शब्द आज पुसून गेलेले असतात. विचारलं की नुसता हसतो. मे महिन्यात तोंडी परीक्षेत नापास झाला. डिसेंबरात शेवटची संधी आहे. तीही गेली तर दीक्षा नाही, सामान बांधून घरी जायचं. नियमच आहे तसा, आणि रेक्टर नियमाला पक्के आहेत.

तुम्ही त्याला आईच्या जागी आहात असं तो म्हणतो. तर आईसारखे कान उपटा जरा. माझं ऐकत नाही.

तुमची,
भाषेच्या बाई


१६ जुलै

बाईंना बारक्याच्या ताईचा नमस्कार.

तुमचं पत्र दुकानातल्या पोरींसमोर उघडलं आणि घाबरून परत मिटवलं. सेमिनरीचा शिक्का पाहून मला वाटलं, काही बरंवाईट झालं. आमचं शिलाईचं दुकान आहे, दिवसभर मशिनी चालू असतात, फोनवर धड बोलता येत नाही. रविवारी तो फोन करतो तेव्हा मीच बोलते आणि तो ‘हो ताई, हो ताई’ करतो. म्हणून तुम्ही पत्र लिहिलंत ते बरं केलंत.

तो आळशी नाही हो बाई. लहानपणापासून मितभाषी आहे. आई लवकर गेली, मग वडील गेले, मी लग्न केलं नाही, त्याला वाढवला. दारं, खिडक्या, शवपेट्या, सगळं करायचा. शवपेटी पोचवायला जायचा आणि त्या घरात दोन-दोन तास बसून राहायचा. काही बोलायचा नाही, नुसता बसायचा, पण लोक म्हणायचे सुतार येऊन गेला की बरं वाटतं. चाळिशीला आला आणि एक दिवस जेवताना म्हणाला, ताई, मला फादर व्हायचंय. सगळी गल्ली हसली. मी नाही हसले. मला वाटलं, हा आधीपासूनच आहे, नुसता झगा घालायचा राहिलाय.

त्याला परत पाठवू देऊ नका. तो तिथून परत आला तर मोडून पडेल. मी त्याला कडक शब्दांत लिहिते.

एक विचारू? तो तुमच्याशी आपल्या भाषेत बोलतो तेव्हा त्याला शब्द नीट आठवतात ना? सहज विचारलं.

बारक्याची ताई


२ ऑगस्ट

ताई,

तुमच्या पत्राचा परिणाम झाला. आता तो माझ्या आधी वर्गात येऊन बसतो. अभ्यास मात्र होता तिथेच आहे.

सध्या आम्ही पापं ऐकायचा सराव करतो. म्हणजे चॅपेलमधल्या त्या लाकडी खोपटात पडद्याच्या एका बाजूला ब्रदर, म्हणजे फादर व्हायला आलेला मुलगा, बसतो आणि दुसऱ्या बाजूला मी पापी म्हणून गुडघे टेकते. खरा संस्कार नव्हे, नुसती भाषेची तालीम. मी खोटी पापं रचून सांगायची, त्याने ती ऐकून समजुतीचे दोन शब्द बोलायचे. या वयात मी शेजारणीच्या कोंबड्या चोरल्या, सासूच्या चहात साबण कालवला आणि एका पोस्टमनबरोबर पळूनही गेले. पोरं खुसुखुसू हसतात. पण हसतात म्हणजे त्यांना कळतं. तुमचा बारक्या हसत नाही. परवा मी मुद्दाम म्हणाले, ‘फादर, मी नवऱ्याचा खून केला.’ तो पडद्यामागून प्रेमाने म्हणाला, ‘छान. असंच चालू ठेवा.’

त्या दिवशी मीही पोट धरून हसले. पण तुमचा तो ‘सहज’ विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून मी त्याच्यावर लक्ष ठेवू लागले. वर्ग संपल्यावर आपल्या भाषेत गप्पा मारू लागले. वाक्यं सुरळीत येतात. पण त्यात वस्तूच नसतात, ताई. किटलीला ‘ते, पाणी तापायचं’ म्हणतो. चष्म्याला ‘तुमचं ते’. मला वाटायचं, दोन भाषांच्या ओढाताणीत होतं असं. माझंही होतं.

काल तो चॅपेलचं दार दुरुस्त करत होता. मी म्हटलं, ती करवत बाजूला ठेव आणि चहा घे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘करवत म्हणजे काय, बाई?’

करवत त्याच्या हातात होती. मी थट्टा समजून हसायला लागले. तो हसला नाही. मग मान खाली घालून त्याने तीच करवत चालवली, आणि फळी अशी सरळ कापली की काय सांगू.

ताई, मी आयुष्यभर मुलांना शिकवलंय. कोण काय लपवतंय ते मला वासावरून कळतं. तो प्रश्न तुम्ही सहज विचारला नव्हता. काय ते सरळ लिहा.

भाषेच्या बाई


१३ ऑगस्ट

बाई,

तुमचं पत्र वाचलं आणि मशीन बंद करून मागे जाऊन बसले. मला हेच ऐकायचं नव्हतं.

आमचे वडील बस कंडक्टर होते. सगळे थांबे तोंडपाठ, झोपेतसुद्धा ओरडायचे. पंचेचाळिशीच्या आत एकेक थांबा विसरायला लागले. पुढे डेपोत बसवलं. मग एक दिवस जेवताना त्यांनी आईला विचारलं, मीठ म्हणजे काय? आईला वाटलं टिंगल करतात, ती रुसली. मग सगळंच एकेक करून गेलं. शेवटी आम्ही काय बोलतो तेही त्यांना कळायचं नाही. हसायचे नुसते. बारक्या तेव्हा शाळेत होता, संध्याकाळी त्यांचा हात धरून फिरवून आणायचा. ते गेल्यावर डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं की हा आजार घराण्यात उतरू शकतो. मी अजून ते कुणाला बोलले नाही. बारक्याला तर नाहीच. माझ्यापुरती मी रोज सकाळी उठून दुकानातल्या सगळ्या वस्तूंची नावं मनात म्हणते.

बाई, तुम्हाला हात जोडते. रेक्टरना सांगू नका, त्यालाही सांगू नका. त्याला दीक्षा मिळू दे. पुढे काय व्हायचं ते होईल. चर्चमध्ये सगळ्यांपुढे उपासनेची एक मिस्सा त्याने म्हणावी, एकच, आणि मी पहिल्या बाकावर बसून ऐकावी. मग मी त्याला घरी घेऊन येईन आणि वडिलांना सांभाळलं तसा सांभाळीन. त्याने आयुष्यात दुसरं काही मागितलेलं नाही.

तुमच्या हातात आहे.

ताई


९ सप्टेंबर

ताई,

माझ्या हातात काही नाही हे आधी लिहून टाकते.

डोकेदुखीचं निमित्त करून मी त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. मेंदूचा फोटो काढला. डॉक्टर इथल्याच, त्यांना आपली भाषा येत नाही. तेव्हा दुभाषी मीच. त्या बराच वेळ बोलल्या. शब्दांचे अर्थ जिथे साठतात तो भाग झिजतोय म्हणाल्या. औषध नाही. आधी बोलणं जाईल, त्याहून आधी ऐकलेलं कळणं जाईल. अमुक इतके दिवस असं सांगता येत नाही, पण लवकर. मग त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, आता हे त्यांना त्यांच्या भाषेत सांगा.

तो माझ्याकडे बघत होता, आज्ञाधारक मुलासारखा. आणि मी सांगितलं, ‘थकवा आहे म्हणतात. झोप घे आणि नीट जेव.’

त्याने मान डोलावली आणि डॉक्टरांचे आभार मानले. मी जन्मभर एका शब्दाच्या चुकीसाठी मुलांना उभं केलं, आणि तिथे बसून इतकं खोटं भाषांतर केलं. परतताना तो मलाच हात देऊन बसमधून उतरवत होता.

आता तुमच्या विनंतीचं. मी पुष्कळ विचार केला. रेक्टरना सांगावं म्हणून दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. मग एक गोष्ट लक्षात आली. जे तो गाऊन शिकलाय ते गेलेलं नाही. मिस्सेतल्या प्रार्थना तो चालीवर म्हणतो तेव्हा एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. अर्थ किती कळतो ते देव जाणे, पण उच्चार माझ्यापेक्षा चांगले. मी गप्पांचा सराव बंद केला आहे. परीक्षेत वाचन असतं, गायन असतं, एक प्रवचन असतं आणि ते पापं ऐकायचं नाटक असतं. प्रवचन मी लिहून देते आणि चाल लावून घोकून घेते. पाप ऐकून झाल्यावर म्हणायचं क्षमेचं वचन तर सगळ्यांचं एकच असतं. ते त्याला पाठ आहे. पापी बोलायचा थांबला की म्हणायला लागायचं, एवढंच त्याला शिकवलंय.

याला शिकवणं म्हणत नाहीत. पोपट पढवणं म्हणतात. पण मला दुसरं काही सुचत नाही, ताई.

भाषेच्या बाई


२८ सप्टेंबर

बाई,

तुमचे उपकार मी कसे फेडू? मी दीक्षेचा पांढरा झगा शिवायला घेतलाय. कापड पाहून पोरी म्हणाल्या, लग्नाचं का हो? मी म्हटलं, हो, तसंच समजा. त्याच्या खांद्यांचं माप माझ्याकडे जुनं आहे, तुम्ही एकदा टेप लावून कळवा. त्याला कळू देऊ नका, मग लाजतो.

त्याचं पत्र आलं. आता दोनच ओळी लिहितो. ‘ताई घाई करू नको. डोळे दुखतील.’ मी झगा शिवतेय हे त्याला कुठून कळलं कोण जाणे. बघा, शब्द गेले तरी माया जात नाही.

गल्लीतली माणसं आता हसत नाहीत. आपल्याला कधी नेणार म्हणून विचारतात.

ताई


७ डिसेंबर

ताई,

बारक्या पास झाला.

ही बातमी मी पेढे वाटत सांगायला हवी, पण माझ्याच्याने होत नाही. जे झालं ते लिहिते.

वाचन उत्तम. गायन तर असं की परीक्षक फादरांनी डोळे मिटून ऐकलं. प्रवचनही निभावलं. मग ते खोपट. परीक्षक बाहेरगावचे, वयस्कर, नाटकात रमणारे. त्यांनी पडद्याआड गुडघे टेकले आणि एका बापाची गोष्ट सांगायला लागले. रागाच्या भरात मुलाला घराबाहेर काढलं, तो परत आलाच नाही, रात्री मेल्याचा निरोप आला. सांगता सांगता ते खरोखर रडायला लागले. मी बाजूच्या बाकावर होते, मलाही पदर डोळ्यांना लावावा लागला. बारक्या पडद्याला कान लावून बसला होता. मला त्याचा चेहरा दिसत होता. ताई, त्या चेहऱ्यावर काहीच पोचत नव्हतं. त्याने ऐकायचा किती प्रयत्न केला ते मी पाहिलं. कपाळावर घाम आला होता.

फादर बोलायचे थांबले. बारक्याने हात वर केला आणि क्षमेचं वचन म्हटलं, अगदी बिनचूक. परीक्षक बाहेर आले आणि मला म्हणाले, ‘काय शांतपणे ऐकतो हा माणूस! हे शिकवून येत नाही, बाई.’

मी सही केली. दीक्षा मार्चमध्ये. तुम्ही या.

भाषेच्या बाई


१८ डिसेंबर

बाई!

मी कधी दुकानात रडले नव्हते, परवा रडले. पोरींनी मशिनी बंद करून टाळ्या वाजवल्या. झगा तयार आहे, इस्त्री करून कपाटात ठेवलाय. गल्लीतून आम्ही सगळे मिळून येतो. तुमचं मन कशाला खातं? त्याला हवं ते मिळालं, मला हवं ते मिळालं. तुम्ही देवाघरचं काम केलंत.

त्याला सांगा, ताई पहिल्या बाकावर बसणार.

ताई


२० डिसेंबर

ताई,

हे पत्र जिथे असाल तिथे बसून वाचा. दुकानात वाचू नका.

काल सकाळी वर्ग सुटल्यावर बारक्या मागे थांबला. खिडक्या लावल्या, खुर्च्या सरळ केल्या, आणि माझ्यासमोर येऊन बसला. आता त्याच्याशी बोलायचं तर छोटी छोटी वाक्यं बोलावी लागतात, हळू, तोंडाकडे बघत. त्याचं बोलणं मी इथे सलग लिहितेय, पण त्याला ते जुळवायला बराच वेळ लागला. एकेक शब्दासाठी तो हात पुढे करून थांबायचा, आणि मी सुचवला तर मान हलवून नको म्हणायचा.

तो म्हणाला, ‘बाई, तेव्हा डॉक्टर इतका वेळ बोलल्या. आणि तुम्ही एवढंसंच सांगितलंत.’

मी टेबलावरच्या वह्या आवरायला लागले. तो म्हणाला, ‘रागावलो नाही. वडिलांना मीच फिरवायचो ना. मी करवत विचारली त्या दिवशीच मला कळलं.’

मी रडायला लागले, ताई. तुमच्याबद्दल सांगितलं. झग्याबद्दल, पहिल्या बाकाबद्दल सांगितलं. म्हटलं, एक मिस्सा म्हण, तुझ्या ताईसाठी. तिने कुणाजवळ कधी काही मागितलं नाही. त्याला किती समजलं ठाऊक नाही, पण ‘ताई’ शब्द त्याने माझ्यामागून हळूच म्हटला.

मग म्हणाला, ‘त्या म्हाताऱ्या फादरांनी मला काहीतरी सांगितलं. रडत होते. मला काही कळलं नाही. मी क्षमा झाली म्हटलं. उद्या खरा माणूस येईल. रडेल. मी म्हणेन क्षमा झाली. तो घरी जाईल, त्याला वाटेल कुणीतरी ऐकलं. कुणीच ऐकलं नाही, बाई.’

मी वाद घातला. जिवाच्या आकांताने घातला. म्हटलं, ऐकणारा देव असतो, फादर नुसता मधला माणूस. तू कोण मोठा लागून गेलास? हे मात्र त्याला बरोबर कळलं. त्याने विचारलं, ‘देवच ऐकतो, तर मग मला तिथे कशाला बसवतात?’

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर कळवा, मी त्याच्यापुढे जाऊन म्हणेन. मला त्याला अडवायचंच होतं. अजूनही आहे.

मग तो म्हणाला, ‘मला एक वाक्य शिकवा. रेक्टरना सांगायचं आहे. तुम्ही सांगू नका, मला सांगू दे. त्यांच्या भाषेत.’

मी नाही म्हटलं. उठून निघालेही. तो तसाच बसून राहिला, शवपेटी पोचवल्यावर बसायचा म्हणता ना, तसा. तुमच्या गल्लीतल्या लोकांना त्याने बरं वाटायचं. मला नाही वाटलं. मी दारातून परत आले आणि फळ्यावर ते वाक्य लिहिलं. ‘फादर, मी आजारी आहे, मला लोकांचं बोलणं समजत नाही, म्हणून मी दीक्षा घेणार नाही.’ एकेक शब्द तोडून त्याला समजावला. गाऊन पाठ करू या म्हटलं, तर म्हणाला, ‘नको. हे बोलायचंय.’

दुपार होईपर्यंत आम्ही तेच करत होतो. शब्द निसटायचे, पुन्हा धरून आणायचे. ‘आजारी’ पाशी तो सारखा अडकत होता. मला किती वेळा वाटलं, हा विसरून जावा. इतकं सगळं विसरतो, मग हेही विसरू दे. मी मुद्दाम घाई केली, मुद्दाम थांबले, पण तो चिकाटीने परत पहिल्यापासून सुरुवात करायचा. गेल्या दोन वर्षांत त्याने इतका अभ्यास कधी केला नाही.

संध्याकाळी तो रेक्टरांकडे गेला. मी बाहेर बाकावर होते. दार उघडंच होतं. तो उभा राहिला, हात मागे बांधले आणि बोलला. फळ्यावर लिहिलं होतं तसं, सावकाश, न अडखळता. रेक्टर उठून उभे राहिले. त्यांनी बरंच काही विचारलं. त्यातलं त्याला काही समजलं नाही, म्हणून त्याने तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

रेक्टरांनी दाराबाहेर माझ्याकडे पाहिलं. मी बोट वर करायला तयार होते, ताई. एक काना, एक मात्रा चुकली असती, तरी मी आत जाऊन म्हणाले असते, फादर, त्याला असं म्हणायचं नाहीये. मी कान देऊन दोन्ही वेळा ऐकलं. त्याची एकही चूक झाली नाही.

भाषेच्या बाई